साथीच्या काळातील गावचे सेवेकरी

(जीर्णोद्धार सोहळ्याच्या निमित्ताने झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापण्याची आपल्याकडे रीत आहे. कोणी सिमेंटची पोती दिली, कोणी वाळूच्या ट्रॉल्या टाकल्या, कोणी कळसाचा खर्च उचलला, कोणी फरशीचा. कोणा माउलीने दर एकादशीला बाजूला ठेवलेले चार पैसे आणून दिले. हे सारे नावानिशी नोंदले जाते व ते योग्यच आहे. परंतु गावावर संकट कोसळले असता ज्यांनी आपले पाय झिजवले, ज्यांनी स्वतःच्या घरच्यांचा जीव धोक्यात घालून दुसऱ्याच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवले, त्यांची यादी सहसा कोठेच छापली जात नाही. म्हणून आजचा विषय देवळाच्या दगडामातीचा न ठेवता २०२० व २०२१ या दोन वर्षांतील गावोगावच्या आरोग्यसेवकांचा ठेवला आहे. हा विषय देवळात शोभतो काय, अशी शंका कोणास आली असेल तर तिचे उत्तर ओघाने येईलच.

मुळात साथ आणि देऊळ यांचा संबंध जुना आहे. आपल्या वऱ्हाडात बहुतेक गावांच्या वेशीबाहेर मरीआईचे ठाणे असते. पटकीची साथ आली की तिला नैवेद्य दाखवायचा, तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो त्याच्या पुढच्या गावाच्या शिवेवर सोडायचा. देवी निघाल्या तर त्या रोगाचे नावच देवी. पोराला देवी आल्या म्हणावयाचे, आजारी पडले म्हणावयाचे नाही. घरात फोडणी द्यावयाची नाही, दाराला लिंबाचा डहाळा लावावयाचा. त्या काळच्या माणसांस हसण्याचे कारण नाही. औषध नव्हते, तेव्हा माणसाने हात जोडले. आणि लिंबाचा डहाळा पाहून परका माणूस त्या घरात शिरत नसे, हा त्यातला व्यवहारी फायदा आजच्या डॉक्टरासही मान्य होईल.

देवीवरची लस भारतात प्रथम १८०२ साली मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या लहान मुलीस टोचली गेली. ती आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचून घराघरात रुळेपर्यंत शंभरावर वर्षे गेली. टोचणारा माणूस गावात आला की आया लेकरांना कणगीमागे लपवीत. तरी तो येत राहिला. कधी सायकलीवर, कधी पायी. लस टोचण्याला आपल्या भाषेत 'देवी काढणे' असा शब्द पडला. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून गेल्याचे जाहीर केले. या सभामंडपात बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या मंडळींनी बाही जरा वर केली तर त्या टोचणाऱ्याची सही अनेकांच्या हातावर अजून सापडेल. त्याचे नाव मात्र कोणासही आठवणार नाही.

त्याआधीचा प्लेगही जुन्या माणसांच्या बोलण्यात होता. १८९६ साली तो मुंबईत प्रकटला. सरकारने १८९७ साली साथरोगांचा कायदा केला, त्यातून झडत्या व सक्ती आली, आणि लोक आजारी माणसाला लपवू लागले. त्याच वर्षी पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. त्याच वर्षी मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून पहिल्याने ती स्वतःस टोचून घेतली. प्लेगचे उंदीर पडू लागले की गावेच्या गावे घरे सोडून रानात, माळावर झोपड्या घालून राहात. श्रीगजानन महाराजांच्या चरित्रातही शेगावच्या वाटेवर निघालेल्या पुंडलिक भोकरे या मुंडगावच्या भक्ताला प्लेगची गाठ आल्याची कथा आहे, ती भाविकांस ठाऊकच आहे. संतचरित्रातही साथीला टाळता आले नाही, इतकी ती त्या काळी घरोघरची गोष्ट होती.

पण वऱ्हाडाला खरा तडाखा बसला तो १९१८ च्या मानमोडीचा. महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांबरोबर इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला व रेल्वेने आत शिरला. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा आपल्याच जिल्ह्यातून जातो. साथीला वाट शोधावी लागली नाही. पाऊसही त्या वर्षी पाठ फिरवून बसला होता. त्या वर्षी शरद ऋतूत मध्य प्रांत व वऱ्हाडाने जी मनुष्यहानी सोसली ती साऱ्या देशात सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांत मोडते. अखंड हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, त्याचे मोठे कारण हेच. आणि त्या वेळी खेड्यात आरोग्याचा म्हणून माणूस कोण होता? कोणीच नाही. मेलेल्यांची गणती पाटील-कोतवालांनी करावी, जगलेल्यांनी जमेल तसे जगावे, असा कारभार होता.

हा फरक ध्यानात घेतला म्हणजे २०२० साली काय घडले त्याचे मोल कळते. मधल्या शंभर वर्षांत खेड्यात हळूहळू माणसे उभी राहिली होती. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या व दवाखान्यांचा कारभार जिल्ह्याच्या ठिकाणी आला. सपाटीवर तीस हजार लोकवस्तीस एक केंद्र व पाच हजारांस एक उपकेंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजारांस व तीन हजारांस, असे प्रमाण ठरले. उपकेंद्रात नर्सबाई व आरोग्यसेवक आले. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार वस्तीमागे एक आशा स्वयंसेविका नेमावयाची असे ठरले. हिची अट मोठी शहाणपणाची होती. ती त्याच गावची रहिवासी असावी, शक्यतो विवाहित, विधवा वा परित्यक्ता असावी, म्हणजे लग्न होऊन दुसऱ्या गावी जाणार नाही. थोडक्यात, सरकारने गावच्या सुनेलाच आरोग्याचे काम सोपवले.

आपला जिल्हा तेरा तालुक्यांचा. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती २५,८६,२५८. त्यातले घाटावरचे तालुके वेगळे, घाटाखालचे वेगळे. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. घाटाखाली पूर्णेच्या काठी खारपाणपट्टा, जेथे विहिरीचे पाणी मिठाळ लागते व मूत्रपिंडाच्या विकाराने घरटी माणूस खंगतो अशी गावे आहेत. त्याच्याही उत्तरेस जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या कुशीतल्या आदिवासी वस्त्या. अशा जिल्ह्यात साथ आली तर दवाखान्याच्या चार भिंतींत बसून तिचा सामना होणारा नव्हता. खारपाणपट्ट्यातल्या ज्या रुग्णास डायलिसिसला जावेच लागते त्याला टाळेबंदीचे काय सांगणार?

२२ मार्च २०२० रोजी साऱ्या देशाने थाळ्या व टाळ्या वाजवून आरोग्यसेवकांचा गौरव केला. २५ मार्चपासून टाळेबंदी लागली. महिनाअखेरीस बुलडाणा शहरात एक रुग्ण दगावला व त्याचा अहवाल मृत्यूनंतर आला. जिल्ह्यातला तो पहिला. त्या दिवसापासून या रोगाची बातमी टीव्हीवरून उतरून आपल्या दारात आली. लोक इतके भ्याले की काही गावांनी वेशीवर काट्या टाकून रस्ते बंद केले. पुण्या-मुंबईहून, सुरतेहून आपलीच पोरे डोक्यावर बोचके घेऊन परतत होती, त्यांना शिवेवर अडवण्यात आले. हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की मरीआईचा गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर ढकलण्याची जुनी बुद्धी अजून आपल्या रक्तातून गेलेली नाही.

त्या काट्या कोणी बाजूला केल्या? सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका व आशा यांच्या ग्राम दक्षता समित्या नेमल्या गेल्या. परतलेल्या माणसांस जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवावयाचे ठरले. घरून डबा यावा, तो फाटकाशी ठेवावा, डबा ठेवणारा दूर सरल्यावर आतल्याने उचलावा. रोज सकाळी आशाने जाऊन ताप-खोकला विचारावा व वहीत लिहावे. शाळेतले शिक्षकही सुटले नाहीत. कोणी जिल्ह्याच्या सीमेवरील नाक्यावर, कोणी सर्वेक्षणावर. मुंबईकडून नागपूरकडे जाणारा महामार्ग मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जातो. त्या रस्त्याने परप्रांतीय मजूर लेकराबाळांसह उन्हातून चालले होते. रस्त्याकाठच्या लोकांनी त्यांना भाकरी दिली, पाण्याच्या टाक्या भरून ठेवल्या, पायात चपला घातल्या. त्याची पावती कोणी फाडली नाही.

आता आशांच्या कामाकडे जरा निवांत पाहू, कारण ते काम दुरून दिसते त्याहून अवघड होते. एका आशाकडे सुमारे हजार माणसे म्हणजे दोनशेच्या आसपास घरे. कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोणाला साखरेचा आजार आहे, कोणाच्या क्षयाच्या गोळ्या चालू आहेत, कोणाचा म्हातारा रात्री खोकतो, हे तिला कागदाविना ठाऊक असते. हीच तिची विद्या. कोरोना धरावयाचा तो याच माणसांना आधी धरावयाचा, म्हणून ही विद्या त्या वर्षी सोन्याच्या मोलाची ठरली. पण तिच गोष्ट तिच्या आड आली. जी काल लेकराला डोस पाजावयास येत होती, ती आज नाव लिहून घ्यावयास आली. नाव लिहिले म्हणजे गाडी येणार, घराला पट्टी लागणार, माणूस नेला की प्लास्टिकात बांधलेलाच परत दिसणार, असे लोकांच्या मनात बसले होते. मग दारे लागू लागली. चहा विचारणाऱ्या घरांनी उंबरठ्याबाहेर उभे केले. राज्यात काही ठिकाणी सर्वेक्षणास गेलेल्या आशांना शिवीगाळ व मारहाण झाल्याच्या बातम्या आल्या. शेवटी एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारला आरोग्यसेवकांवर हात टाकणाऱ्यांस शिक्षा देणारा वटहुकूम काढावा लागला, आणि गंमत अशी की दुरुस्ती केली गेली ती प्लेगच्या वेळच्या त्याच १८९७ च्या कायद्यात. त्या वेळी लोकांस सरकारी माणसापासून संरक्षण हवे होते. या वेळी सरकारी माणसास, तेही अर्ध्याच सरकारी बाईस, लोकांपासून संरक्षण द्यावे लागले.

घरीही तिला सुख नव्हते. दिवसभर दोनशे घरे हिंडून आलेल्या सुनेने चुलीजवळ जावे की नाही, लेकराला जवळ घ्यावे की नाही, हा प्रश्न होताच. अंगणातच न्हाणीत कपडे बदलायचे, ओढणी वा पदर गरम पाण्यात टाकायचा, मगच आत. पहिल्या महिन्यांत हातमोजे व मुखपट्ट्यांचा तुटवडा होता. अनेकींनी तोंडाला रुमाल किंवा पदरच बांधून काम भागवले. थाळ्या वाजवणाऱ्या हातांनी तेव्हा हातमोज्यांच्या दोन जोड्या गोळा केल्या असत्या तर जास्त कामाचे झाले असते.

१५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२० या काळात राज्य शासनाने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली. एक आरोग्यसेवक व गावचे दोन स्वयंसेवक अशी तिघांची तुकडी, रोजची पन्नास घरे. प्रत्येकाचा ताप मोजायचा, बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू पाहायचा, जुने आजार विचारायचे. शासनाच्या कागदावर हे फार सोपे दिसते. पण तो सोयाबीनच्या सोंगणीचा हंगाम. कोणाच्याही घरी दिवसा माणूस सापडेना. तेव्हा तुकडी दिवस उगवायच्या आधी निघे, नाही तर दिवेलागणीस. काही शेतावरच गाठ घालत. बांधावर, सोंगणारणींच्या पातीत, बोटे पुढे करून चिमटा लावला जाई. प्राणवायूचा आकडा ९५ च्या खाली दिसला की त्या माणसाला समजावून तालुक्याला धाडायचे. या चिमट्याने किती माणसे वेळेत दवाखान्यात पोहोचली त्याचा हिशोब कोणी मांडला नसेल, पण दम लागेपर्यंत घरी बसून राहणाऱ्याचे काय होते ते पुढच्या उन्हाळ्यात गावोगाव दिसले.

ती दुसरी लाट. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती राज्यात प्रथम जोराने उसळली ती आपल्याच पश्चिम विदर्भात. अमरावती विभागातील जिल्ह्यांत पुन्हा निर्बंध लागले. मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांत खाटा मिळेनात, प्राणवायूच्या टाक्यांसाठी धावपळ, इंजेक्शनांसाठी रांगा. या लाटेत खेडी पहिल्यासारखी सुटली नाहीत. ज्या गावाने पहिल्या वर्षी शिव बंद करून स्वतःला वाचवले असे मानले, त्याच गावात लग्नाच्या पंगतीतून रोग शिरला. त्याविषयी अधिक बोलण्याची गरज नाही. या मंडपात अशी घरे बसली असतील ज्यांच्या भिंतीवर त्या उन्हाळ्याच्या तारखेची तसबीर लागलेली आहे.

त्या दिवसांत आणखी एक काम होते, ज्याचे नाव काढले तरी माणसे मान फिरवीत. नगरपालिकांच्या सफाई कामगारांनी, १०८ च्या गाडीवरील चालकांनी व शववाहिकेवरील माणसांनी ते केले. घरचे चौदा दिवस कोंडलेले, भाऊबंद भीतीने यावयास तयार नाहीत, अशा वेळी चितेला अग्नी परक्याने दिला. शेजारच्या अकोल्यात कच्छी मेमन जमातीच्या मुसलमान बांधवांनी, ज्यांचे नातलग येऊ शकले नाहीत अशा हिंदू मृतांचे अंत्यसंस्कारही हिंदू रीतीने पार पाडले. देवळात उभे राहून ही गोष्ट सांगताना संकोच वाटण्याचे कारण नाही. गाडगेबाबांच्या वऱ्हाडात ती देवळातच सांगावयास हवी.

देवळांचे त्या काळात काय झाले? मार्च २०२० मध्ये दारे लागली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्यास, उघडली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली ती ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेस, उघडली. पुजाऱ्याने एकट्याने काकड आरती करावी व भाविकाने रस्त्यावरून हात जोडावे. वारकऱ्यास याहून मोठे दुःख झाले ते वारीचे. शेगावची पायी पालखी २०२० व २०२१ अशी दोन वर्षे पंढरीस गेली नाही, ती २०२२ साली पुन्हा निघाली. पुष्कळांनी तेव्हा विचारले की देवानेच दार लावून घेतले तर जावे कोठे?

याचे उत्तर शेगावच्या संस्थानाने बोलून न देता करून दिले. दर्शन बंद असताना तेथल्या चुली बंद झाल्या नाहीत. टाळेबंदीच्या काळात दररोज सुमारे दोन हजार गरजूंच्या जेवणाची व्यवस्था संस्थानाने केली. विलगीकरणासाठी आपल्या इमारतींत शेकडो खाटा सिद्ध करून त्या प्रशासनास देऊ केल्या. हे एका रात्रीत उभे राहत नाही. पांढऱ्या वेशातले सेवेकरी पाळीपाळीने काही दिवस घरची कामे सोडून येतात, मोबदला घेत नाहीत, नेमून दिलेले काम निमूट करतात, ही वर्षानुवर्षांची शिस्त त्यामागे होती. ही शिस्त ज्यांनी लावली ते कर्मयोगी शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवर्तले. संस्थानचा चहाही ते आपल्या पैशाने घेत, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या अंत्यदर्शनास एरवी लाखोंचा जनसागर लोटला असता. तो काळ गर्दीचा नव्हता, आणि ती शिस्तही त्यांच्याच शिकवणुकीला धरून होती.

बाहेरूनही मदत आली. टाटा ट्रस्टने २०२० साली देशातील ज्या चार सरकारी रुग्णालयांचे रूपांतर कोविड उपचार केंद्रांत करून दिले त्यांत महाराष्ट्रातली दोन होती, एक सांगलीचे आणि दुसरे बुलडाण्याचे. मोठ्या उद्योगसमूहाचा पैसा, सरकारची जागा व डॉक्टर, आणि रुग्णाला तेथवर नेऊन पोहोचविणारी गावची आशा, अशी ही साखळी होती. शेवटची कडी सर्वांत स्वस्त होती, पण ती तुटती तर पहिल्या दोन कड्या नुसत्या लोंबत राहिल्या असत्या.

१६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. पहिला मान आरोग्यसेवकांचा होता. त्यात एक चांगली गोष्ट आपोआप साधली, ती म्हणजे गावात लस घ्या म्हणून सांगणारीने ती आधी स्वतः घेतलेली होती. मार्चपासून साठीच्या पुढच्यांस, एप्रिलपासून पंचेचाळीसच्या पुढच्यांस, मेपासून अठराच्या पुढच्यांस लस खुली झाली. पण घेणार कोण? लस घेतल्याने माणूस दोन वर्षांत मरतो, पोरींना मूल होत नाही, ताप आला तो कोरोनाचाच, अशा एकेक वार्ता मोबाइलवरून घरोघर पोहोचल्या होत्या. सासऱ्याच्या वयाच्या माणसासमोर पदर सावरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "काही होत नाई मामाजी, म्या घेतली ना पहिले. दोन दिवस अंग दुखन, बस." असे एकदा सांगून भागत नसे. तिसऱ्या-चौथ्या खेपेस मामाजी उठत, आणि उठले की मग चौघांना घेऊन येत.

येथे एक बारीक व्यवहार सांगण्याजोगा आहे. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा जणांची लस असे, आणि कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागे. उरलेली फेकून द्यावी लागे. म्हणून निळ्या पेटीत बर्फाच्या लाद्यांमध्ये कुप्या घेऊन नर्सबाई उपकेंद्रावर येऊन बसे, आणि दहा माणसे जमल्याखेरीज बूच उघडायला कचरे. सात जमली की आशा पुन्हा गल्लीत निघे. आठवा सापडे, नववा शेतात गेलेला असे. तोवर आधी आलेल्या सातांपैकी दोघे कंटाळून उठून जात. लसीकरणाचे मोठमोठे आकडे आपण वर्तमानपत्रांत वाचले, ते या दहाव्या माणसाच्या शोधातून जमलेले आहेत. सातपुड्याकडच्या वस्त्यांत तर एका पाड्यावर दहा माणसे मिळविण्यासाठी आधी त्यांच्या बोलीत बोलणारा कोणीतरी शोधावा लागे.

जून २०२१ मध्ये शासनाने कोरोनामुक्त गावाची स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक महसूल विभागात पहिल्या तीन गावांस ५०, २५ व १५ लाख रुपयांची बक्षिसे ठेवली. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने जो कित्ता घालून दिला, तो राज्यभर गिरवावा असा हेतू होता. हेतू उत्तम. पण त्याच महिन्यात, १५ जूनपासून, राज्यातल्या आशा संपावर गेल्या होत्या, हेही विसरू नये. तेवढ्या कामाला केंद्राकडून कोविड भत्ता म्हणून महिना एक हजार रुपये मिळत होते, म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये आणि काही पैसे. आठवड्याभराने दीड हजारांची वाढ कबूल झाली व त्या कामावर परतल्या. काही लोकांनी तेव्हा नाके मुरडली, सेवा म्हटल्यावर पैशाची भाषा कसली म्हणून. देवळातल्या सेवेकऱ्याचे उदाहरणही दिले गेले. ते उदाहरण लागू पडत नाही. शेगावचा सेवेकरी आपल्या घरचे भरलेले ताट सोडून काही दिवस येतो. आशाचे घर बहुधा तिच्या त्याच पैशावर चाललेले असते. निष्काम सेवा ही स्वतः होऊन करावयाची गोष्ट आहे, दुसऱ्याकडून करवून घ्यावयाची नव्हे.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक पुरस्काराने सन्मान केला. जिनिव्हा येथे त्यांचे नाव पुकारले गेले. त्यानंतरही जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना पुन्हा संपावर बसावे लागले. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महिना पाच हजारांची वाढ मंजूर केली.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामआरोग्यासाठी स्वतंत्र अध्याय दिला आहे. गाव, देऊळ आणि दवाखाना ही त्यांच्या लेखी वेगवेगळी खाती नव्हती. त्याच नात्याने या सोहळ्याच्या निमित्ताने विश्वस्त मंडळींपुढे एक लहानशी गोष्ट ठेवावीशी वाटते. दर महिन्यास गावात आरोग्य व पोषण दिन असतो. लेकरांना लस, गरोदर बायांची तपासणी, वजन, लोहाच्या गोळ्या. बऱ्याच गावांत हे काम अंगणवाडीच्या एका खोलीत दाटीवाटीने उरकले जाते. उन्हाळ्यात बाया बाहेर पत्र्याच्या सावलीत लेकरे घेऊन उभ्या असतात. देवळाचा नवा सभामंडप मोठा आहे, हवेशीर आहे, पायऱ्यांजवळ नळ आलेला आहे. त्या दिवशी सकाळी दहा ते दोन एवढा वेळ मंडप मोकळा ठेवला, दोन बाकडी व एक पडदा दिला आणि कुलपाची एक किल्ली आशाताईंकडे राहू दिली, तर खर्च काहीच नाही. पडद्याचे कापड आजच कोणी भाविकाने बोलावे. देणगीदारांच्या यादीत अजून दोन-तीन ओळींची जागा शिल्लक आहे असे छापखान्याकडून कळते.